नॉर्डाल वस्तीवरचे कुझिक

हॅरो फेरी या गावात कुणी वाट विचारली, तर सांगणारा आधी नदीकडे तोंड करून उभा राहतो आणि मग जे तिथं नाही ते दाखवायला लागतो. "जिथं धान्याचं कोठार होतं ना, तिथनं डावीकडं वळा. मग शाळा जळाली ती जागा लागेल. तिथनं सरळ, मॅकफेलच्या विहिरीपर्यंत." कोठार पाडून जमाना झालेला असतो, शाळेच्या जागी कॅनोलाचं पिवळं पीक डोलत असतं आणि विहीर कधीच बुजवलेली असते. परका माणूस मान डोलावून गाडीत बसतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा नदीवर हजर होतो. खुद्द गाव ज्याच्या नावाचं, तो हॅरो इथं जेमतेम दोन हंगाम फेरीबोट चालवून पश्चिमेला डोंगरापलीकडं निघून गेला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण गाव आजही त्याचंच.

स्तेफानिया कुझिकला गावाच्या या खोडीचा मनस्वी राग होता. रागाला कारणही तसंच होतं. लग्न करून ती नदीच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावरच्या वस्तीवर आली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिथंच तिची तीन मुलं झाली, तिथंच गाई व्याल्या, तिथंच गारांनी दोनदा उभं पीक झोपवलं. नवरा ओनुफ्री त्या जमिनीत इतका राबला, की त्याच्या बोटांची पेरं शेवटी सरळ होईनात. आणि एवढं करून वस्तीचं नाव काय? नॉर्डाल वस्ती. नॉर्डाल कोण, तर कुझिक येण्याच्या कितीतरी आधी, धुळीच्या वादळांच्या दुष्काळी वर्षांत, गाशा गुंडाळून गेलेला एक नॉर्वेकडचा माणूस. त्याला पाहिलेलं गावात धड कुणी उरलं नव्हतं.

ओनुफ्रीनं एकदा यावर उपाय केला. लाल गोठ्याची नदीकडची भिंत त्यानं खरवडून घेतली. खरवडताना खाली कुठल्यातरी जुन्या पांढऱ्या अक्षरांचे फराटे दिसले, पण वाचता येण्याजोगं काही नव्हतं. त्यावर त्यानं दोन हात लाल रंग चढवला आणि पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: कुझिक. "आता बोला म्हणावं," असं म्हणून तो शिडीवरून उतरला. पुढच्याच आठवड्यात फेरीबोटीवर एक ट्रकवाला कुणालातरी विचारत होता आणि ओनुफ्रीच्या कानावर आलं, "नॉर्डाल वस्ती? अहो सोप्पं आहे. गोठ्यावर मोठ्ठं कुझिक लिहिलंय, तीच." त्या दिवशी ओनुफ्री जेवला नाही.

पण स्तेफाच्या काळजात जे रुतलं होतं ते गोठ्याचं नव्हतं. ते फोनचं होतं.

मार्च महिना होता, अंगणात निम्मं बर्फ आणि निम्मा चिखल. सकाळी ओनुफ्री कॉफीचा कप घेऊन उठला, तसाच खुर्चीत बसला आणि मग खुर्चीवरून खाली आला. सरकारी मदतीच्या फोनवर जमिनीचे नंबर विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला ते कधी आठवत नाहीत, म्हणून गावात सगळे आधी लाइलला फोन करतात. आगीची गाडी तोच चालवतो आणि दवाखान्याची धावपळही तोच बघतो. स्तेफानं फोन उचलला आणि तिच्या तोंडून निघालं, "लाइल, धाव! नॉर्डाल वस्ती! नॉर्डाल वस्ती!" ओनुफ्री शुद्धीवर होता. फरशीवर पडल्या पडल्या त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. लाइलनं गाडी पळवली, कुठंही चुकला नाही, पण तो दारात आला तेव्हा ओनुफ्री गेलेला होता.

त्या नजरेत काय होतं, हे स्तेफाला कधीच कळलं नाही. वेदना असेल, भीती असेल. पण तिला मात्र एकच दिसत राहिलं, की त्यानं जन्मभर जे नाव पुसायचा प्रयत्न केला तेच बायकोच्या तोंडून ऐकून तो गेला. कुणापाशी हे बोलायची सोय नव्हती, कारण बोललं असतं तर लोक म्हणाले असते, मग दुसरं काय म्हणणार होतीस?

अशात गावाची शंभरी आली. फेरीच्या धक्क्यावर एक मोठा पत्र्याचा फलक लावायचं ठरलं. त्यावर नदीचं वळण, चर्चचा कांद्यासारखा घुमट, कोठाराची जागा, शाळेची जागा आणि भोवतालच्या सगळ्या वस्त्या रंगवायच्या, नावांसकट. रंगवणार होती व्हर्ना, पोस्टात आयुष्य काढलेली आणि स्तेफाची जुनी मैत्रीण. समितीचा अध्यक्ष एल्डन मॅकफेल, बुजलेल्या विहिरीच्या मालकाचा नातू. गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात बैठक बसली, तेव्हा स्तेफा खसखस भरलेला गोड पावाचा रोल घेऊन गेली. तो तिनं टेबलावर आदळला.

"आमच्या वस्तीवर काय लिहिणार आहेस?" तिनं व्हर्नाला सरळ विचारलं.

"अगं, जे सगळे म्हणतात तेच. नकाशा लोकांना सापडावं म्हणून असतो. कुझिक लिहिलं, तर माणसं नदीपलीकडं तुझ्या चुलतदिरांकडं जाऊन थडकतील."

"नॉर्डालला पाहिलंयस तू?"

"नाही बाई."

"तुझ्या आईनं?"

"आई म्हणायची, उंच होता."

"उंच होता!" स्तेफा टेबलाभोवती सगळ्यांकडं बघत म्हणाली. "उंच होता म्हणून वस्ती त्याची. माझा नवरा बुटका होता, एवढंच ना त्याचं चुकलं?"

एल्डन चांगल्या मनाचा माणूस. त्याला भांडण सोसत नसे. "स्तेफा, दोन्ही लिहू या ना. नॉर्डाल वस्ती, आणि खाली कंसात..."

"कंसात तू जाऊन राहा, एल्डन."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. स्तेफानं रोलच्या ताटाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिचा आवाज उतरला. "हे बघा, मुलं तीन वर्षं मागं लागलीत, शहरात ये म्हणून. कंबर गेलीय. जिना चढताना मधेच बसावं लागतं. पण तिथं ओनुफ्रीचं नाव लागल्याशिवाय मी त्या वस्तीवरनं हलणार नाही. मग तुम्ही मला तिथनं उचलूनच न्या."

व्हर्नानं फलक रंगवायला घेतला, पण नदीच्या वरच्या अंगाला उंचवट्यावरचा एवढासा चौकोन तिनं कोराच ठेवला.

जूनमध्ये एका दुपारी स्तेफाच्या अंगणात परगावची गाडी येऊन थांबली. आतून साठीच्या घरातली एक उंच बाई उतरली आणि दारात न येता गोठ्याकडंच बघत उभी राहिली. स्तेफानं ओळखलं नाही, पण ती उंची बघून तिला व्हर्नाच्या आईचं 'उंच होता' आठवलं.

"मी सिग्ने. सिग्ने नॉर्डाल," बाई म्हणाली. "समुद्राकाठून आलेय. तुम्हाला त्रास देत नाही, नुसतं बघून जाते. आजोबांची जागा. खरं सांगू, वाटलं होतं कुणाला काही ठाऊक नसेल. त्या फेरीबोटीवर एक पोरगा होता, कानात दोन बाळ्या, विशीचासुद्धा नसेल. त्याला भीत भीत विचारलं. तर म्हणाला, नॉर्डाल वस्ती ना, ती काय वर. मला गाडीतच रडू आलं हो."

"रडायचं काय त्यात," स्तेफा म्हणाली. "इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल." आवाजातला कडवटपणा तिचा तिलाच ऐकू आला, म्हणून तिनं पाहुणीला आत बोलावलं आणि कॉफी टाकली.

सिग्नेनं कप दोन्ही हातांत धरला. "आजोबांना हे कळायला हवं होतं. ते मरेपर्यंत म्हणायचे, त्या गावात आपलं काही राहिलं नाही. इथं इतकी वर्षं राबले, दोन मुलं इथंच पुरली, पण लोक शेवटपर्यंत पॅरांतो वस्तीच म्हणायचे."

"कुणाची?"

"पॅरांतो. आजोबांच्या आधी इथं राहायचे ते. घोड्यांचे व्यापारी होते म्हणे, मग उत्तरेकडं निघून गेले. आजोबा इतके चिडले, की एकदा गोठ्याची नदीकडची भिंत रंगवून त्यांनी त्यावर आपलं नाव लिहिलं. पुरुषभर अक्षरांत. तर लोक काय म्हणाले असतील?"

स्तेफाच्या हातातली किटली तशीच राहिली. "काय म्हणाले?"

"पॅरांतो वस्ती, गोठ्यावर नॉर्डाल लिहिलंय ती."

स्तेफा हसली. आधी नाकातल्या नाकात, मग एवढ्या जोरात की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. सिग्ने बिचारी गोंधळून बघत राहिली. मग स्तेफानं तिच्या दंडाला धरलं आणि तिला गोठ्याकडं नेलं. ऊन तिरपं पडलं होतं. कुझिकमधल्या पहिल्या अक्षराखाली तिनं पाहुणीचा हात फळ्यांवर ठेवला आणि हळूहळू सरकवला. रंगाच्या थरांखाली दुसऱ्याच अक्षराची कड बोटांना लागत होती. दोघी बराच वेळ तशाच भिंत चाचपत उभ्या राहिल्या. पलीकडच्या घरातून कुणी पाहिलं असतं, तर त्यांना वेड लागलंय असंच वाटलं असतं.

पाहुणी गेल्यावर स्तेफा पायरीवर बसून राहिली. खाली नदी वळसा घेऊन चालली होती, फेरीबोट एक गाडी घेऊन पलीकडं निघाली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की गावानं ओनुफ्रीचा अपमान केला. आता तिला वेगळंच दिसायला लागलं. जो माणूस रोज दुकानात भेटतो, ज्याचा ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा येतो, त्याच्या नावाची या लोकांना गरजच पडत नव्हती, तो समोर होताच. गेलेल्याचं मात्र ते काहीतरी धरून ठेवत होते, आणि धरून ठेवायला त्यांच्याजवळ जमिनीशिवाय होतं तरी काय? ओनुफ्री गेला होता खरा, पण कुझिक गेले नव्हते. ती स्वतःच तिथं पाय रोवून बसली होती. या विचारानं तिला बरंही वाटलं आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी ती व्हर्नाकडं गेली. फलक व्हर्नाच्या गॅरेजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला होता.

"लिही," स्तेफा म्हणाली. "नॉर्डाल लिही."

व्हर्नानं कुंचला खाली ठेवला. "बरी आहेस ना तू? ताप-बिप?"

"बाई डोंगर ओलांडून आजोबाची जागा शोधत आली. तिला सापडली. उद्या तिची मुलं येतील, त्यांनी काय करायचं? लिही म्हणते ना. आणि अक्षर नीट काढ, चर्चचा घुमट काढलायस तसा वाकडा नको."

"घुमट मुळातच वाकडा आहे."

"तो ओनुफ्रीनं बसवलाय," स्तेफा म्हणाली, आणि मग दोघी हसल्या.

जुलैत फलक लागला. पुढच्या वसंतात स्तेफानं वस्ती विकली. आपण गेल्यावर तरी वस्तीला कुझिक नाव लागावं म्हणून ती गेली का? ती म्हणायची, जिना होता, बर्फ होतं, मुलांची कटकट होती, आणि हे सगळं खरंच होतं. पण सामान बांधताना तिच्या मनात कुठंतरी तो हिशेब नव्हता, असं मी म्हणणार नाही. शहरात मात्र ती गेली नाही. फेरीजवळ एक बैठं घर रिकामं होतं ते तिनं घेतलं. त्याला सगळे पेटिग्रूबाईंचं घर म्हणतात. पेटिग्रूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. स्तेफानं यावर कपाळाला हात लावला आणि पडदे बदलले.

वस्ती घेतली आर्नेल आणि रोवेना तोलेंतिनो यांनी. फिलिपिन्सहून आलेलं जोडपं. दोघांनी कितीतरी वर्षं पलीकडच्या डुकरांच्या फार्मवर पाळ्या करून स्वतःचं घर घेण्याइतकं जमवलं होतं. रोवेना स्तेफाला तीता म्हणायची, त्यांच्याकडं मावशीला म्हणतात तसं. पंपाचं पाणी का येत नाही, चुलीचं धुराडं कसं साफ करायचं, हे विचारायला ती सारखी यायची. स्तेफा तोंडानं कुरकुरायची आणि ती यायची त्या दिवशी मुद्दाम रोल भाजायची.

दोन वर्षं गेली. पोस्टात, दुकानात, फेरीवर स्तेफा कान टवकारून असायची. पण तिच्यासमोर बोलायची वेळ आली, की लोक एवढंच म्हणायचे, "वर, तुझ्या जुन्या घराकडं." नाव कुणी काढतच नसे. शेवटी तिनं नाद सोडला. झालं गेलं, म्हणाली, नॉर्डालच नशीबवान. पण रोज सकाळी कॉफीचा कप उचलताना ती फरशी आणि ती नजर काही सुटत नव्हती.

ऑक्टोबरात दोन दिवस वादळी वारा सुटला. पहिल्याच दुपारी वरच्या बाजूला धूर दिसला होता आणि लाइलची गाडी भोंगा वाजवत गेली होती, तेव्हापासून स्तेफा बेचैन होती. रोवेना दुसऱ्या दिवशी आली, हातात शेवयांचं झाकलेलं भांडं, केसांना अजून धुराचा वास.

"तीता, मी माफी मागायला आलेय का भांडायला, माझं मलाच कळत नाहीये."

"आधी बस. गोठा आहे ना?"

"आहे. कचऱ्याच्या पिंपातली ठिणगी गवतात गेली. बघता बघता जाळ गोठ्याच्या दाराशी. आर्नेल बादली घेऊन मधेच शिरला, ऐकेचना. मी लाइलला फोन लावला आणि ओरडले. अजिबात चुकले नाहीत हो ते, थेट आले. पण तेव्हापासून आर्नेल माझ्याशी बोलत नाहीये."

"का?"

रोवेनानं मान खाली घातली. "मी फोनवर म्हणाले, कुझिक वस्ती. कुझिक वस्ती, लवकर या."

स्तेफा भांड्याचं झाकण काढत होती. ते तिनं परत ठेवलं. "काय म्हणालीस? परत सांग."

"कुझिक वस्ती. सगळे तेच म्हणतात ना, तीता! तुमच्यासमोर नाही म्हणत, बाकी सगळीकडं तेच. गेल्या उन्हाळ्यात आर्नेलनं गोठ्यावर आमचं नाव रंगवलं, तर लोक म्हणतात, कुझिक वस्ती, गोठ्यावर तोलेंतिनो लिहिलंय ती. त्याला किती लागलं होतं ते! आणि आता म्हणतो, जाळ अंगावर आला तेव्हा माझ्या बायकोच्या तोंडात दुसऱ्याचं नाव." तिचा आवाज फाटला. "पण मी दुसरं काय म्हणणार होते? तो तिथं जाळात उभा होता. मला ते लवकर यायला हवे होते, एवढंच. तो वाचायला हवा होता. नावाचं कुणाला सुचतं त्या वेळी?"

स्तेफानं तिचा हात धरला. मग ती स्वतःच रडायला लागली. ओनुफ्रीच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती. रोवेना घाबरून उठली, पाणी आणायला धावली, पण स्तेफा तिचा हात सोडेना.

"त्याला सांग," ती शेवटी म्हणाली, "तू नाव घेतलंस ते त्याच्यासाठी घेतलंस. ते त्याला कळलेलं असतं. कळतंच. माणूस रागावला, तरी आत कुठंतरी कळलेलं असतं." ती रोवेनाला सांगत होती, पण बघत होती खाली, फरशीकडं.

"आणि आमचं नाव? ते कधी लागायचं?"

स्तेफानं डोळे पुसले, झाकण काढलं आणि दोन ताटल्या घेतल्या. "खूप खूप वर्षं न लागो."

"हा आशीर्वाद आहे का शाप, तीता?"

"आशीर्वाद आहे गं. मोठ्यातला मोठा. आता बस, शेवया गार होतायत."